गुन्हा माणसाचा की जमातीचा? वंशभेद, स्थलांतर आणि टोळ्यांचा इतिहास लिहिणारा माणूस नेमकं काय करतो

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातल्या जातिभेदावर एक निकाल दिला. याचिका पत्रकार सुकन्या शांता यांची होती. झाडझूड अमुक जातीच्या कैद्यानं करायची, स्वयंपाक तमुक जातीच्या, असे नियम काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत चक्क छापलेले होते. ते घटनाबाह्य ठरले. बातम्यांत एवढंच ठळक आलं. पण त्याच निकालात विमुक्त जमातींबद्दलही, म्हणजे इंग्रजांनी कायद्यानं 'गुन्हेगार' ठरवलेल्या आणि स्वातंत्र्यानंतर त्यातून सुटलेल्या जमातींबद्दलही, आहे. माणूस अमुक जमातीचा आहे एवढ्यावरून त्याला सराईत गुन्हेगार धरता येणार नाही, आणि पोलिसांनी या जमातींच्या लोकांना मनमानीपणे उचलू नये, असं न्यायालयानं बजावलं. हे सांगण्याआधी निकालपत्रात दीडशे वर्षांपूर्वीच्या एका कायद्याचा इतिहास सविस्तर मांडला आहे.

मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. वर्गात या निकालाबद्दल बोललो तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, कोर्टाले इतिहास कायले लागते?" दुसऱ्यानं विचारलं, "चोरा-दरोडेखोरायच्या इतिहासावर पीएचडी होते का?"

होते. जगभर असे इतिहासकार आहेत ज्यांचं अख्खं आयुष्य तीन गोष्टी एकत्र अभ्यासण्यात जातं: वंशभेद, स्थलांतर आणि संघटित गुन्हेगारी. या तिघांचा एकमेकांशी संबंध काय, हेच बहुतेकांना कळत नाही. पारधी बेड्याशेजारी, म्हणजे पारध्यांच्या वस्तीशेजारी, वाढलेल्या माझ्यासारख्या माणसालाही तो फार उशिरा कळला.

आधी तीन शब्द समजून घेऊ

वंशभेद म्हणजे माणसाचे गुण-दोष त्याच्या रक्तातून येतात असं मानणं आणि त्याप्रमाणे त्याला वागवणं. आपल्याकडे जात आहे, तिकडे कातडीचा रंग आहे. दोन्ही गोष्टी एकच नाहीत, पण "त्या लोकायचं रक्तच तसं आहे" हे वाक्य दोन्हीकडे सारखंच ऐकू येतं.

स्थलांतर आपल्याला शिकवावं लागत नाही. मेळघाटातली कोरकू कुटुंबं कामासाठी खाली सपाटीवर उतरतात, होळीला परत जातात. आपली पोरं पुण्याला जातात. देशाची सीमा ओलांडून गेलं की त्याच गोष्टीला पासपोर्ट आणि व्हिसा लागतो, एवढंच.

संघटित गुन्हेगारी म्हणजे धंद्यासारखी चालवलेली गुन्हेगारी. भुकेपोटी एखाद्यानं कणसं तोडली तर ती चोरी. पण कोणता माल कुठून उचलायचा, कोणाला हप्ता द्यायचा, साक्षीदाराला कसं गप्प बसवायचं, याची साखळी वर्षानुवर्षं चालत असेल तर ती संघटित. महाराष्ट्रानं १९९९ साली तिच्यासाठी वेगळा कायदा केला. त्यालाच आपण मोक्का म्हणतो.

आणि एक चौथा शब्द, माझा स्वतःचा. तो समजला की इतिहासकाराचं निम्मं काम समजलं. नोंद आणि शेरा यांतला फरक. शाळेच्या प्रगतिपुस्तकात 'गणित ४२' ही नोंद असते, खाली 'मुलगा आळशी आहे' हा शेरा असतो. मुलगा आदल्या रात्री शेतात ओलित करत जागला असेल, हे शेऱ्यात येत नाही. सरकारी कागदांतही नोंद आणि शेरा एकाच शाईनं, एकाच अक्षरात, एकाखाली एक लिहिलेले असतात. इतिहासकार ते दोन वेगळे करतो.

लिंबाचे बगीचे आणि राखणदार

'माफिया' हा शब्द आपण रोज वापरतो. रेतीघाटावरचा रेतीमाफिया तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हा शब्द आला इटलीच्या दक्षिणेकडच्या सिसिली बेटावरून. १८६५ साली तिथल्या पालेर्मो शहराच्या सरकारी अधिकाऱ्याच्या अहवालात तो सापडतो.

माफिया तिथेच का उभा राहिला, याचं पूर्वी उत्तर सोपं होतं: सिसिलीचे लोक मुळातच रानटी, सूडबुद्धीचे, म्हणून तिथे माफिया झाला. इटलीत चेझारे लोम्ब्रोझो नावाचा डॉक्टर होता. १८७६ साली त्यानं असा सिद्धांत मांडला की काही माणसं जन्मजातच गुन्हेगार असतात आणि कवटीच्या ठेवणीवरून ती ओळखता येतात. दक्षिण इटलीतल्या एका गरीब माणसाची कवटी त्यानं पुरावा म्हणून जपून ठेवली होती.

नंतरच्या अभ्यासकांनी कवटी बाजूला ठेवली आणि शेतीचे, व्यापाराचे कागद उघडले. तेव्हा जे दिसलं ते आपल्या संत्र्याच्या पट्ट्यातल्या, वरूड-मोर्शीच्या माणसाला लगेच कळेल.

समुद्रावर महिनोन्महिने राहणाऱ्या खलाशांना स्कर्व्ही व्हायचा. हिरड्या सडायच्या, माणूस मरायचा. जेम्स लिंड या डॉक्टरनं १७४७ मध्ये दाखवलं की लिंबू-संत्र्यानं तो बरा होतो. १७९५ पासून इंग्रजांच्या आरमारात लिंबाचा रस रोजचा झाला. सिसिलीच्या लिंबाला सोन्याचा भाव आला. पण लिंबाचा बगीचा म्हणजे काय असतं? आपल्या संत्र्यासारखंच. झाड लावलं की चार-पाच वर्षं हातात दमडी येत नाही. तोवर विहीर, पाट, कुंपण, खत, सगळा खर्च आपला. आणि फळ लागलं की एका रात्रीत अख्खं वर्ष चोरीला जाऊ शकतं. गव्हाचं पीक एका रात्रीत चोरून नेता येत नाही, बगीचा नेता येतो. अंबिया बहार तोडणीला आला की आपल्याकडे माणूस मचाणावर बॅटरी आणि काठी घेऊन झोपतो, तो त्याचसाठी.

तिथे १८६० नंतर नवं इटालियन सरकार आलेलं. पोलीस थोडे, न्यायालय लांब, कोणाचा कोणावर विश्वास नाही. मग बागाईतदारानं राखणदार ठेवला. राखणदाराच्या लक्षात आलं की चोराची भीती जितकी जास्त तितकी आपली किंमत जास्त. जो राखायचा तोच, न राखल्यास काय होईल हेही दाखवू लागला. शेजारच्या बगीच्याचा राखणदार त्याचा गडी झाला, व्यापाऱ्याला माल कोणी द्यायचा हेही तोच ठरवू लागला. राखणदारी विकणारी ही साखळी म्हणजेच माफियाचं एक मूळ. गंधकाच्या खाणी, जमीनदारांचे मुनीम, राजकारण ही मुळं वेगळी आहेत, आणि कोणत्या मुळाला किती वजन द्यायचं यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पण रक्त आणि कवटी त्या वादातून बाद झाली.

वरूडकडे मचाणावर झोपणारा तो राखणदार माफिया का झाला नाही, हाही तितकाच मोलाचा प्रश्न आहे. सारखीच परिस्थिती असून एका ठिकाणी टोळी उभी राहते, दुसरीकडे राहत नाही, तेव्हा फरक कशात होता हे शोधावं लागतं. चोरी झाली तर तक्रार घेणारं ठाणं आहे का, माल विकायला एकच दार आहे की चार आहेत, शेजारी शेजाऱ्याच्या हाकेला धावतो का, हे तपासावं लागतं.

बोटीतून टोळी आली का?

आता स्थलांतर. सिसिलीचे लिंबू बोटींनी अमेरिकेत न्यू ऑर्लिअन्स बंदरात जायचे. त्याच वाटेनं माणसंही गेली. हे बंदर आपल्याही ओळखीचं असायला हवं. तिथूनच अमेरिकेचा कापूस जगभर जायचा. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात ती वाट तुंबली आणि वऱ्हाडच्या कापसाला न भूतो असा भाव आला. खामगाव-अमरावतीच्या बाजारांची ती भरभराट तिथल्या लढाईमुळे झाली.

अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर लुइझियानाच्या उसाच्या मळ्यांना स्वस्त मजूर हवे होते. इटालियन आले. त्यांना गोऱ्यांत पुरतं धरलं जात नव्हतं, काळ्यांतही नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये न्यू ऑर्लिअन्सच्या पोलीसप्रमुखाचा, डेव्हिड हेनेसी यांचा, रस्त्यात गोळ्या घालून खून झाला. पोलिसांनी इटालियन वस्तीतून धरपकड केली. नऊ जणांवर खटला चालला. सहा सुटले, तिघांबद्दल ज्यूरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्याच दिवशी, १४ मार्च १८९१ रोजी, हजारोंचा जमाव तुरुंगात घुसला आणि त्यानं अकरा इटालियन माणसं मारून टाकली. एकावरही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. त्यातल्या काहींवर तर खटलाही चालला नव्हता.

'माफिया' हा शब्द अमेरिकेत घरोघरी पोचला तो या घटनेमुळे. खून खरा होता. पण तो कोणी केला हे न ठरताच, कोणत्या लोकांनी केला हे ठरून गेलं.

पुढे अमेरिकेच्या संसदेनं स्थलांतरावर मोठा आयोग नेमला. १९०७ ते १९११ अशी चार वर्षं काम करून त्यानं ४१ खंडांचा अहवाल दिला. त्यात नमूद आहे की स्थलांतरामुळे गुन्हे प्रमाणाबाहेर वाढल्याचा समाधानकारक पुरावा मिळालेला नाही. तरीही १९२४ च्या कायद्यानं इटलीच्या लोकांचा वर्षाचा कोटा चार हजारांच्याही खाली आणला. पहिल्या महायुद्धाआधी एकेका वर्षात दोन लाखांवर इटालियन येत होते. १९३१ मध्ये दुसऱ्या सरकारी आयोगानं पुन्हा सांगितलं की परदेशात जन्मलेल्यांचं गुन्ह्यातलं प्रमाण स्थानिकांपेक्षा कमी आहे. अहवाल कपाटात गेला, समज तसाच राहिला. माझ्या मते या विषयाच्या इतिहासकाराचं सर्वांत कष्टाचं काम इथे आहे. पुरावा उलटा असताना समज का टिकतो, कोणाच्या फायद्यासाठी टिकतो, हे शोधणं.

आशियातल्या लोकांची गत वेगळी नव्हती. चिनी मजुरांना अमेरिकेनं १८८२ च्या कायद्यानंच दार लावलं होतं. ४ सप्टेंबर १९०७ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्यांच्या जमावानं लाकूड गिरण्यांतल्या हिंदुस्थानी कामगारांना मारहाण करून गावाबाहेर हाकललं. त्यांतले बहुतेक शीख होते, पण वर्तमानपत्रांनी सगळ्यांना 'हिंदू' म्हटलं. आपल्या वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे साधारण त्याच काळात अमेरिकेच्या त्याच पश्चिम किनाऱ्याकडच्या राज्यांत शेतीशास्त्र शिकायला गेले आणि इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीच्या उभारणीत पडले. पुढे ते मेक्सिकोत शेतीचे प्राध्यापक झाले. मका आणि गव्हावर त्यांनी काम केलं, दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकारानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. १९६७ मध्ये नागपुरात ते वारले. ब्रिटिश सरकारच्या लेखी खानखोजे हा एक धोकादायक माणूस होता. मेक्सिकोच्या शेतकऱ्याच्या लेखी तो बियाणं देणारा मास्तर. माणूस एकच, कागद दोन.

आपल्या वऱ्हाडातला कागद

अमेरिकेचं एवढं सांगितलं ते घरच्या गोष्टीकडे येण्यासाठी. लोम्ब्रोझो कवट्या मोजत होता त्याच दशकात इथे इंग्रज सरकारनं १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणला. तर्क असा: सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, मग चोराचा मुलगाही चोरच होणार. जातीच्या धंद्याचं गणित त्यांनी गुन्ह्याला लावलं. कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११ मध्ये सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात नेण्याची सोय झाली. एखादी जमात यादीत गेली की तिच्या माणसांची नोंदणी, बोटांचे ठसे, ठाण्यात हजेरी, गाव सोडायचं तर परवाना. काहींना तारांच्या कुंपणात वसवलं. सोलापूरची सेटलमेंट अजून लोकांच्या तोंडी आहे. आणि गावात नवीन कोणी दिसलं की कळवायचं काम पाटलावर आणि चौकीदारावर. त्या मुलाचा गुन्हा काय, असा प्रश्न कायद्यात नव्हता. जन्म पुरे होता.

याची पायवाट आधीच पडलेली होती. जबलपूरला बसून विल्यम स्लीमन या अधिकाऱ्यानं १८३० च्या दशकात ठगांविरुद्ध मोहीम चालवली. १८३६ च्या कायद्यानं ठगांच्या टोळीत असणं एवढ्यावरच जन्मठेप देता येऊ लागली. नागपूर-जबलपूरच्या वाटेवर प्रवाशांचे गळे खरंच आवळले जात होते, प्रेतं उकरून काढली गेली. ठग ही निव्वळ इंग्रजांची कल्पना होती असं काही अभ्यासक म्हणतात, ते मला पटत नाही. पण लढाया संपून बेकार झालेले शिपाई, पेंढाऱ्यांचा पाडाव, दुष्काळ, हे सगळं झाकून 'देवीची पूजा म्हणून खून करणारा वंश' अशी जी गोष्ट रचली गेली, ती शेरा होती. 'ठग' हा आपला शब्द इंग्रजीत गेला आणि आज अमेरिकेत काळ्या तरुणाला हिणवायला तो वापरतात.

आता एक कागद जवळून पाहू. १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल या सरकारी अधिकाऱ्यांचा चार खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात पारध्यांच्या प्रकरणात टाकणकार नावाची पोटजात येते. टाकणकार म्हणजे जात्याला टाके देणारा. घरच्या जात्याची तळी वापरून गुळगुळीत झाली की दळण निघत नाही. मग तो टाकी-हातोडी घेऊन यायचा आणि दगडाला पुन्हा खडबडीत करून द्यायचा. माझी आजी सांगायची, टाके दिल्यावर पहिलं दळण फेकून द्यायचं, नाहीतर भाकरीत कचकच लागते. प्रत्येक घराला लागणारा माणूस होता हा. त्याच प्रकरणात या पोटजातीचा गुन्ह्याकडे कल असल्याचंही लिहिलं आहे. टाकी-हातोडी ही नोंद. गुन्ह्याकडे कल हा शेरा. नंतर पिठाची चक्की आली, जातं माळ्यावर गेलं, टाकणकाराचं काम सरलं. शेरा मात्र उरला.

बंजाऱ्यांचं तेच. बैलांच्या लमाणी तांड्यांवर मीठ-धान्य वाहणारा हा समाज. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि त्यांच्या पाठीवरचं ओझं तिनं उचलून नेलं. पोट भरायला फिरणाऱ्या लोकांचं फिरणंच संशयास्पद झालं. याच बंजारा समाजातले, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ पासून ११ वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

"पण सर, आकडे तर खरे असतात ना?"

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो योग्य आहे. तुरुंगात अमुक लोक जास्त आहेत, मग ते जास्त गुन्हे करतात असं म्हणायला काय हरकत?

मी सातवीत असताना आमच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल रात्रीतून कापून नेली. तांब्याची तार, तीन हजारांचं नुकसान, आणि ऐन ओलिताचे दिवस. काका म्हणाले, "आंदी बेड्यावर जाऊन पाय, मंग ठान्यात." चार माणसं काठ्या घेऊन गेली, मी मागे. एका पालातलं सगळं बाहेर फेकलं: दोन पातेली, एक गोधडी, फासे, एका डब्यात ज्वारी. ज्वारी मातीत सांडली. बाईनं तोंडातून शब्द काढला नाही, खाली बसून एकेक दाणा वेचायला लागली. तार मिळाली नाही. तरी ठाण्यातून माणसं आली आणि दोघांना घेऊन गेली. महिन्याभरानं तार सापडली, आमच्याच गल्लीतल्या एका पोरानं भंगारात विकली होती. त्याच्या बापानं काकांचे पाय धरले, प्रकरण घरातच मिटलं. त्या वर्षीच्या पोलिसांच्या आकड्यांत दोन पारधी अटकेत आहेत. आमच्या गल्लीतला एकही नाही. मी ते दाणे वेचायला वाकलो नाही, हे अजून मला सलतं.

अटकेचा आकडा दोन गोष्टी मोजतो: गुन्हा किती झाला, आणि पोलीस आधी कुठे गेले. आकड्यातून पहिली गोष्ट काढायची तर दुसरी वजा करावी लागते. अमेरिकेत १८९० च्या जनगणनेत काळे लोक लोकसंख्येच्या सुमारे १२ टक्के होते आणि कैद्यांत सुमारे ३० टक्के. हा आकडा घेऊन काळ्यांना गुन्हेगार वंश ठरवणारी पुस्तकं निघाली. पण दक्षिणेत गुलामगिरी संपताच असे कायदे झाले होते की बिनकामाचा फिरणारा काळा माणूस दिसला तर त्याला धरायचं, आणि मग कैदी म्हणून खाणीत, मळ्यात भाड्यानं द्यायचं. अटक हाच मजूर मिळवायचा मार्ग होता. हे वजा न करता १२ आणि ३० ची तुलना करणं म्हणजे तराजूच्या एका पारड्याखाली बोट ठेवून माल तोलणं.

दारूबंदी आणि टोळ्या

वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांतल्या वाचकाला हा मुद्दा आधीच सुचला असेल. अमेरिकेत १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती. मागणी तशीच राहिली, पुरवठा बेकायदा झाला, आणि तोवर गल्लीपुरत्या असलेल्या टोळ्या ट्रक, गोदामं, वकील आणि फितवलेले अधिकारी बाळगणारे धंदे झाल्या. त्यांत इटालियन होते, ज्यू होते, आयरिश होते, जुने गोरेही होते. कोणत्या वंशाची माणसं टोळीत शिरली हे कोणाला सरळ नोकरीची दारं बंद होती यावर बरंच अवलंबून होतं.

यावरून दारूबंदी वाईट असा निष्कर्ष कोणी काढू नये. गडचिरोलीत १९९३ ला बंदी आली ती बायांनी आणि गावांनी मागितली म्हणून, आणि दारुड्या नवऱ्याच्या घरात काय घडतं हे त्यांना कोणी सांगायला नको. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठली. तिन्ही जिल्ह्यांचे कागद शेजारी ठेवून, बंदी असताना माल कोणाच्या गाडीतून आला, पकडलं कोण गेलं आणि पैसा कोणाकडे राहिला, याचा इतिहास कोणी विद्यार्थ्यानं लिहावा अशी माझी फार इच्छा आहे. पकडली जाते ती डोक्यावर बाटल्या नेणारी बाई. गाडीचा मालक क्वचित.

हे काम करायचं तर

एमए, मग नेट-सेट, मग पीएचडीची चार-सहा वर्षं. ती वाट ठरलेली आहे. खरी तयारी भाषेची. सिसिलीवर काम करणाऱ्याला पुस्तकी इटालियन पुरत नाही, साक्षीदार गावच्या बोलीत बोललेले असतात. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या थेट कारभारात होता, त्यामुळे इथे फारसी, उर्दू, मोडी आणि इंग्रजी चारही लागतात. आणि पारध्यांशी बोलायचं तर पारधी. नागपूरचं सरकारी अभिलेखागार, मुंबईचं, दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार, जिल्ह्याच्या कचेरीतली रेकॉर्ड रूम, इथे दिवसचे दिवस बसावं लागतं. अमेरिकेतले इतिहासकार १९६६ च्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली एफबीआयच्या फायली मागवतात. आपल्याकडे २००५ चा माहितीचा अधिकार आहे, त्याचा इतिहासासाठी उपयोग फार कमी लोक करतात.

टोळ्यांनी कागद ठेवलेले नसतात. जे आहे ते पोलिसांनी, न्यायालयांनी, खबऱ्यांनी लिहिलेलं. खबऱ्याला आपली शिक्षा कमी करून घ्यायची असते, पोलिसाला बढती हवी असते, वार्ताहराला खप. म्हणून एकाच घटनेचे तीन-चार कागद जुळवावे लागतात. आयुष्यभराच्या कामातून हातात येतात तीन-चार पुस्तकं. पण त्याच कामामुळे असे इतिहासकार पुढे आयोगांपुढे, न्यायालयांपुढे, शाळेच्या अभ्यासक्रमात बोलू शकतात. कोर्टाले इतिहास कायले लागते, त्याचं उत्तर हेच. 'सराईत गुन्हेगार' हा शब्द नियमावलीत कुठून आला हे ठाऊक असल्याशिवाय तो काढायचा कसा?

"म्हणजे गुन्हेगारांना निर्दोष ठरवायचं?"

नाही. सिसिलीच्या माफियानं माणसं मारली. ज्यांनी जबाब दिला ते मेले. १९९२ मध्ये जोव्हान्नी फाल्कोने आणि पाओलो बोर्सेलिनो या दोन न्यायाधिकाऱ्यांना त्यांनी स्फोटात उडवलं. हे दोघंही सिसिलीचेच, पालेर्मोत जन्मलेले. ज्या मातीच्या रक्तात गुन्हा आहे म्हणत होते, त्याच मातीतली माणसं गुन्ह्याशी लढून मेली. आणि माफियाचा पहिला बळीही सिसिलीचाच शेतकरी आणि दुकानदार होता. अख्ख्या जमातीवर बोट ठेवलं की गर्दीत खरा गुन्हेगार आरामात लपतो. आमच्या गल्लीतला तो पोरगा लपला तसा.

"जुनं उकरून काय मिळते?"

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. विमुक्त जमाती तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात. पण लगोलग राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि जुन्या याद्या नव्या नावानं चालत राहिल्या. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला फासेपारध्यांच्या मुलांसाठी त्याच समाजातल्या एका शिक्षकानं नोकरी सोडून शाळा काढली आणि तिचं नाव ठेवलं 'प्रश्नचिन्ह'. जे उकरायला सांगतोय ते अजून जमिनीवरच पडलेलं आहे.

शिवाय वेळ थोडा आहे. १९५२ मध्ये दहा वर्षांचं असलेलं मूल आज ऐंशीच्या पुढे आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी चार विद्यार्थ्यांना घेऊन एका बेड्यावर गेलो. एका म्हातारीनं तासभर सांगितलं: बाप गावोगाव जायचा, वेशीवर थांबून पाटलाला निरोप द्यायचा, परवानगी मिळाली की घरोघर जात्यांना टाके. मुलीनं सगळं वहीत उतरवलं. निघताना म्हातारीनं विचारलं, "आमचं काय लिवलं त्यात? वाचून दाखव." मुलीनं वाचलं: 'हे कुटुंब गावोगाव भटकत असे.'

म्हातारीनं तिला थांबवलं. "भटकत नोयतो आमी. गावं ठरेल होती. कोन्त्या गावात कोन्त्या महिन्यात जाचं, हे बापाले पाठ होतं. ते लिव."

मुलीनं ओळ खोडली आणि गावांची नावं विचारली. म्हातारीनं अकरा सांगितली, क्रमानं.